गांधीलमाशी सोबतिणीला तोंडावरून ओळखते, मुंगीला मात्र फक्त 'आपली' आणि 'परकी' एवढंच कळतं, असं का?

आभाळवेल

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढते. रांगेतली एक मुंगी समोरून येणाऱ्या मुंगीपाशी थबकते, दोघी मिशा मिशांना लावतात आणि आपापल्या वाटेने जातात, हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. बघताना वाटतंच की ह्या एकमेकींना ओळखतात. पण ओळखतात म्हणजे काय कळतं त्यांना? "ही आपल्या वारुळातली" एवढंच, की "ही तीच, मघाशी भेटलेली"? ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि किड्यांबद्दल लिहिताना लोक सर्रास दोन्हीची सरमिसळ करतात, त्याचा मला खरंच त्रास होतो.

पहिली ओळख वासाची. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या, वाळवी सगळ्यांच्या अंगावर एक अगदी पातळ मेणचट थर असतो, त्यात हायड्रोकार्बन नावाची रसायनं असतात. मुळात हा थर अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून, पण त्यातल्या रसायनांचं प्रमाण प्रत्येक वसाहतीत थोडं वेगळं असतं त्यामुळे तोच ओळखपत्राचं काम करतो. मिशीने हुंगलं की कळलं, घरची की बाहेरची. ह्यात कोण कुठली एवढंच कळतं, नेमकी कोण ते नाही.

दुसरी ओळख फार थोड्या किड्यांत सापडलीय आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे उत्तर अमेरिकेतली पॉलिस्टेस फस्केटस ही कागदी पोळं करणारी गांधीलमाशी. हिच्या तोंडावर पिवळ्या, तपकिरी, काळ्या रंगाचे पट्टे-ठिपके असतात, कुणाच्या डोळ्यांवर भुवईसारखी पिवळी रेघ, कुणाचं कपाळ सगळंच तांबूस, कुणाच्या गालावर काळा डाग. एलिझाबेथ टिबेट्स ह्या संशोधिकेने काही माश्यांची तोंडं बारीक ब्रशने रंगवून वेगळी केली आणि त्यांना त्यांच्याच पोळ्यावर परत सोडलं. घरच्याच बाकीच्या माश्या तिच्यावर तुटून पडल्या. थोड्या वेळाने मात्र निवळलं, म्हणजे नवं तोंड त्यांनी शिकून घेतलं. हा पेपर २००२ चा आहे.

माझं म्हणणं असं की ओळख किती बारीक हवी हे त्या समाजाच्या गरजेवर ठरतं. मेंदू छोटा म्हणून मुंगीला जमत नाही असं नाही, बहुतेक मुंग्यांना त्याची गरजच पडत नाही. तुम्हाला काय वाटतं? किडे पाळणारे, बघणारे, अभ्यासणारे कुणी असतील तर नक्की लिहा.

निळाई

मस्त विषय ताई! पण एक शंका, रंगाला वास येतो ना? तोंडाला रंग फासल्यावर वास बदलला म्हणून चावल्या असतील, तोंड बदललं म्हणून नाही, असं नाही का होऊ शकत?

आभाळवेल

निळाई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस. म्हणूनच त्यांनी काही माश्यांना तोच रंग लावला, पण मूळ नक्षी बदलणार नाही असा, म्हणजे पिवळ्यावर पिवळाच. रंगाचा वास दोघींना सारखा, हाताळणी सारखी, फरक फक्त दिसण्यात. जिची नक्षी बदलली तिच्यावरच जास्त हल्ले झाले.

आणि मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती पुढे आहे. त्या तुटून पडल्या पण तिला पोळ्यावरून हाकलून दिलं नाही. परकी माशी आली असती तर हाकललीच असती. म्हणजे वासावरून त्यांना कळत होतं की ही घरचीच आहे, फक्त घरातली कोण ते कळत नव्हतं, त्यामुळे तिची पायरी कुठली हेही कळत नव्हतं. दोन्ही प्रकारच्या ओळखी एकाच वेळी, वेगवेगळ्या चालू असतात हे ह्याच्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

वारूळवाला

मुंग्यांचा विषय निघालाय तर मी लिहिलंच पाहिजे, काचेच्या पेटीत मुंग्या पाळतो, तासन्‌तास बघत बसतो.

आभाळवेल ताई म्हणतायत तो वास प्रत्येक मुंगीचा मुळात थोडा थोडा वेगळाच असतो. पण मुंग्या सतत एकमेकींना चाटतात, पोटातलं अन्न तोंडातून तोंडात देतात, आणि ह्या सगळ्यात डोक्यातल्या एका ग्रंथीमार्फत हे वास घुसळले जातात. शेवटी सगळ्या वारुळाचा मिळून एकच वास तयार होतो. म्हणजे बघा, एकेकीची वेगळी ओळख राहील अशी सोय करायच्या ऐवजी मुंग्या ती पुसून टाकायचीच सोय करतात! लाखभर जणींच्या वसाहतीत हेच परवडतं.

हा वास जन्मजात नसतो हेही महत्त्वाचं. पोलिएर्गस जातीच्या मुंग्या दुसऱ्या वारुळांवर धाड घालून त्यांचे कोष पळवून आणतात. त्या कोषातून बाहेर पडलेल्या मुंग्या जिथे डोळे उघडतात त्याच घराचा वास 'आपला' म्हणून शिकतात आणि जन्मभर त्या घरासाठी राबतात, तिथली पिल्लं वाढवतात. नुकत्याच कोषातून निघालेल्या मुंगीच्या अंगाला फारसा वासच नसतो म्हणून तिला कोणी अडवतही नाही.

जुन्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक म्हणून होते, एकोणिसाव्या शतकातले, मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी. त्यांना प्रश्न पडला की मुंग्या एखादा ठरलेला इशारा देऊन ओळख पटवतात का, परवलीच्या शब्दासारखा. मग त्यांनी काही मुंग्यांना दारूने बेशुद्ध केलं, म्हणजे इशारा द्यायची शुद्धच नाही. बाकीच्या मुंग्यांनी काय करावं? घरच्या बेशुद्ध मुंग्यांना बहुतेक वेळा उचलून वारुळात नेलं आणि परक्यांना नेऊन कडेच्या पाण्यात टाकलं. म्हणजे इशारा नाही, अंगातच काहीतरी आहे हे त्यांनी हायड्रोकार्बन वगैरे काहीच माहीत नसताना दाखवून दिलं.

मधपेटी

वारूळवाला दादा, हे वाचून फार बरं वाटलं कारण आम्ही मधमाश्यावाले ह्याच गोष्टीवर रोज काम करतो. राणी नसलेली एक वसाहत आणि राणी असलेली दुसरी, अशा दोन एकत्र करायच्या असतील तर सरळ एका पेटीत ओतल्या तर मारामारी होऊन मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. म्हणून दोन्ही पेट्या एकावर एक ठेवायच्या आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा, त्याला टाचणीने चारदोन भोकं पाडायची. माश्या दोन्ही बाजूंनी कागद कुरतडत बसतात, वास हळूहळू इकडचा तिकडे जातो आणि कागद फाटून वाट मोकळी होईपर्यंत दोन्हींचा वास जवळपास एक झालेला असतो. कागदाचा भुगा पेटीच्या दारातून बाहेर पडलेला दिसला की समजायचं जमलं.

नवी राणी देतानाही तसंच, तिला छोट्या पिंजऱ्यात ठेवून आत सोडायची, पिंजऱ्याच्या तोंडाला साखरेचा गोळा. कामकरी माश्या तो खात खात तिच्यापर्यंत पोचतात तोवर तिचा वास सगळीकडे पसरलेला असतो.

अजून एक, दारावरच्या पहारेकरी माश्या नेहमी सारख्याच कडक नसतात. फुलोरा भरपूर असला की चुकून आलेल्या परक्या माशीलाही सोडून देतात, फुलं आटली की एकेकीला हुंगून बघतात. तेव्हा धागाकर्त्या ताई म्हणतात ते गरजेचं तत्त्व इथेही लागू पडतं.

शंकासुर

सगळं वाचतोय, माहिती छानच आहे. पण मला मूळ दाव्याबद्दल विचारायचंय. रंगवलेली माशी वेगळी दिसली म्हणून बाकीच्या बिथरल्या, ठीक. ह्यातून एवढंच दिसतं की अनोळखी तोंड दिसलं की त्या बिथरतात. "ओळखीचं तोंड" आणि "अनोळखी तोंड" असे दोनच कप्पे असले तरी हे होईल. प्रत्येकीची वेगवेगळी आठवण ठेवतात हे कुठे सिद्ध झालं? आणि आठवण म्हणजे किती वेळाची? दहा मिनिटांची आठवण आणि आठवड्याची आठवण ह्यात फरक आहे.

आभाळवेल

शंकासुर, हाच प्रश्न विचारायला हवा होता, मनापासून धन्यवाद.

आधी वेळेचं. २००८ साली मायकेल शीहान आणि टिबेट्स ह्यांनी अनोळखी राणीमाश्या जोडीने एकत्र ठेवल्या, भांडून-बिंडून त्यांची ओळख झाली, मग त्यांना वेगळं केलं. मधला आठवडाभर त्या दुसऱ्या बऱ्याच गांधीलमाश्यांच्या सहवासात राहिल्या म्हणजे डोक्यात नव्या ओळखींची गर्दी झाली. आठवड्यानंतर जुन्या ओळखीच्या माशीशी पुन्हा गाठ घालून दिली तेव्हा त्या तिच्याशी अनोळखी माशीपेक्षा बऱ्याच सौम्यपणे वागल्या. म्हणजे आठवड्यापूर्वी भेटलेली ती एकच आठवत होती, मधल्या सगळ्या गर्दीतूनही.

आता कप्प्यांचं. २०११ मध्ये ह्याच दोघांनी माश्यांना टी आकाराच्या बोळात सोडलं, खाली हलका विजेचा धक्का आणि एकाच बाजूला धक्का नाही. धक्का नसलेल्या बाजूला एक विशिष्ट चित्र. दोन गांधीलमाश्यांच्या तोंडांचे फोटो दिले तर त्या पटकन शिकल्या कुठलं तोंड सुरक्षित आहे. इथे दोन्ही तोंडं सारखीच अनोळखी होती बरं का, तरी एकाला दुसऱ्यापासून वेगळं करून लक्षात ठेवलं. साधे आकार दिले, सुरवंटांचे फोटो दिले तर शिकायला जास्त वेळ लागला, आणि सुरवंट तर ह्यांची रोजची शिकार! सगळ्यात चकित करणारं म्हणजे त्याच तोंडाच्या फोटोतून कॉम्प्युटरवर फक्त मिशा पुसून टाकल्या तर शिकणं मंदावलं. नक्षी तीच, रंग तेच, पण ते तोंड वाटेना. म्हणजे नुसते ठिपके वाचणं नाही, "हे तोंड आहे" असं काहीतरी आधी पटावं लागतं.

आणि हेच जवळच्या पॉलिस्टेस मेट्रिकस जातीवर करून बघितलं तर त्यांना तोंडं शिकण्यात काहीच खास गती नाही. का? फस्केटसमध्ये वसंत ऋतूत पुष्कळदा अनेक राण्या मिळून एक पोळं सुरू करतात, त्यांच्यात पहिली-दुसरी-तिसरी अशी उतरंड असते, कुणापुढे नमायचं आणि कुणाला दाबायचं हे सतत लक्षात ठेवावं लागतं. मेट्रिकस राणी बहुतेक एकटीच पोळं बांधते. तिची तोंडंही सगळी जवळपास सारखीच.

तिरीप

मी थोडं वेगळं उदाहरण देते कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच मला जास्त अस्वस्थ करतं. आपल्याकडे सापडणारी रोपॅलिडिया मार्जिनाटा ही गांधीलमाशी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

हिची राणी अगदी शांत असते, कुणाला मारत नाही, कुणावर डाफरत नाही. ती काढून घेतली की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, सगळ्यांना दटावत फिरते, हळूहळू तिचा आक्रमकपणा ओसरतो आणि आठवडाभराने ती अंडी घालायला लागते. नवी राणी. पण राणी असताना ही वारसदार कोण हे माणसाला काही केल्या ओळखता येत नाही, वय बघा, आकार बघा, वागणं बघा, कशावरूनच नाही.

मग २००८ मध्ये अनिंदिता भद्रा आणि गदगकर ह्यांनी पोळ्याच्या मधोमध जाळी लावून दोन भाग केले. राणी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला एक माशी आक्रमक झाली. मग राणी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. काही पोळ्यांमध्ये ती आक्रमक झालेली माशी आता राणी नसलेल्या बाजूला नेल्यावर तिथल्याही सगळ्यांनी मान्य केली. काही पोळ्यांत मात्र ती तिथे चालली नाही, तिथे दुसरीच एक पुढे आली, आणि मग राणीची बाजू बदलली तरी हिला कुणी अडवलं नाही. ह्याचा अर्थ असा निघतो की खरी वारसदार एकच असते आणि ती कोण हे पोळ्यातल्या माश्यांना आधीच ठाऊक असतं, आपल्यालाच ते दिसत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

वारूळवाला

तिरीप, सुंदर! आणि हे वाचून मुंग्यांच्या बाजूनेही एक अपवाद सांगायलाच हवा नाहीतर मुंग्यांवर अन्याय होईल. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पॅकिकॉन्डायला व्हिलोसा जातीत नात्यागोत्याच्या नसलेल्या दोन-तीन राण्या एकत्र येऊन वसाहत सुरू करतात आणि आपसात भांडून पायरी ठरवतात. खालच्या पायरीवरची बाहेर जाऊन अन्न आणते, म्हणजे जीव धोक्यात घालायचं काम तिच्याकडे. पात्रिसिया देतोरे आणि युर्गेन हाइन्झे ह्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ह्या राण्या एकमेकींना व्यक्ती म्हणून ओळखतात, आणि तेही तोंडावरून नाही, वासावरून. पुढे असंही दिसलं की एक दिवस वेगळं ठेवून परत आणलं तरी ओळख टिकते.

म्हणजे ताईंचं म्हणणं मुंग्यांतही खरं ठरतं. हजारो कामकरी मुंग्यांना एकेकीची ओळख नको, पण दोन-तीन राण्या भांडून राहतायत तिथे ती लगेच हवी. गरज आली की नाकही तेवढं बारीक होतं. तसंही नाकाची कमी नाहीच, फळमाशीला वास घेणारे जनुक साधारण साठ, आणि मुंग्यांच्या कित्येक जातींत चारशेच्या आसपास. २०१७ मध्ये अशा मुंग्या तयार केल्या ज्यांचं हे वासाचं यंत्रच बंद पडलं होतं. त्या वासाच्या मागावर चालेनात, बाकीच्यांपासून भरकटत राहायच्या. समाज म्हणून जगणंच संपलं.

आणि उलट टोकाला अर्जेंटाइन मुंग्या. युरोपात त्यांची एक वसाहत इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ६,००० किलोमीटर पसरलीय. ह्या टोकाची मुंगी त्या टोकाला नेऊन सोडली तरी भांडण नाही. एवढ्या सगळ्या 'आपल्या', आणि एकही ओळखीची नाही.

शंकासुर

आठवड्याच्या आठवणीचं पटलं. तोंडाच्या फोटोंचंही पटलं. आता पुढचा मुद्दा. धाग्याच्या नावात 'सोबतीण' आहे आणि वर 'ओळखीची', 'मैत्री'च्या जवळ जाणारी भाषा येतेय. मला वाटतं इथे सांभाळायला हवं. मेगापोनेरा मुंग्यांचं उदाहरण घ्या, आफ्रिकेतल्या. त्या वाळवीवर धाड घालतात आणि परत येताना पाय तुटलेल्या सोबतिणींना उचलून घरी आणतात, जखमा चाटून साफ करतात. वाचताना डोळ्यात पाणी येतं, मलाही आलं. पण जखमी मुंगी एक रासायनिक हाक सोडते आणि कुणीही घरची मुंगी त्या हाकेला येते. ती 'हिला' वाचवायला येत नाही, कुणालाही वाचवायला येते. ह्याने त्या कामाची किंमत कमी होत नाही, पण ओळख आणि जिव्हाळा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत.

आभाळवेल

हो, आणि तुमच्या म्हणण्यात मी भर घालते. जिथे खरी व्यक्तिगत ओळख सापडलीय तिथे, म्हणजे फस्केटस काय आणि त्या मुंगीराण्या काय, ती बहुतेक भांडणापायी आलीय. कुणाशी आधीच हरले, कुणाशी जिंकले, पुन्हा तेच भांडण कशाला, अंगाला जखमा कशाला. आणि जिथे सेवा आहे, जखमा चाटणं आहे, तिथे ओळख लागत नाही. आपल्या मनात दोन्ही एकत्र असतात म्हणून आपण गोंधळतो.

२०२० मधल्या एका प्रयोगात तर असं दिसलं की फस्केटस माशी दुसऱ्या दोघींचं भांडण नुसतं बाजूला राहून बघते आणि नंतर त्यातली एखादी समोर आली की बघितलेल्या भांडणाप्रमाणे तिच्याशी वागणं बदलते. म्हणजे स्वतः भांडायचीही गरज नाही.

निळाई

मला वेगळाच प्रश्न पडलाय. बघणारीचा फायदा कळला. पण जिचं तोंड आहे तिचा काय फायदा? म्हणजे तोंडं इतकी वेगवेगळी झालीच कशी? सगळ्यांची सारखी राहिली असती तरी चाललं असतं की.

आभाळवेल

वा! ह्यावरही काम झालंय. चारचौघींसारखं तोंड असलं तर तुम्हाला दुसरीच कुणी समजून तुमच्याशी पुन्हा पुन्हा भांडण होतं. वेगळं, दुर्मिळ तोंड असलेल्या माशीला लवकर लक्षात ठेवतात, त्यामुळे तिच्या वाट्याला कमी हल्ले येतात. शीहान-टिबेट्सनी २००९ मध्ये हे रंगवून तपासलं. दुर्मिळ असणंच फायद्याचं, मग ते तोंड पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातं, फार वाढलं की दुर्मिळ राहत नाही आणि दुसरं कुठलं तरी पुढे येतं. असं चालत राहिलं की पोळ्यावर सगळ्या तऱ्हेची तोंडं दिसायला लागतात.

पॉलिस्टेस डॉमिन्युला जातीत मात्र तोंडावरचे काळे डाग वेगळंच सांगतात. ते ताकदीचं चिन्ह आहे, डाग जितके जास्त आणि वेडेवाकडे तितकी ती भांडायला भारी. तिथे अनोळखी माशीही डाग बघून मागे हटते, ओळख व्हायची गरज नाही.

दुपारसावली

उशिरा आले, पण दोन गोष्टी राहिल्यात असं वाटलं. एक, ही ओळखण्याची क्षमता फस्केटसला आयती मिळत नाही. कोषातून निघाल्यावर एकटं वाढवलेल्या माश्यांना इतर माश्यांची तोंडं ओळखणं जमत नाही, इतर माश्यांमध्ये वाढलेल्यांनाच जमतं. दुसरं, टिबेट्सच्याच गटाने २०१९ मध्ये गांधीलमाश्यांना पाच रंग असे शिकवले की अ ब पेक्षा बरा, ब क पेक्षा, क ड पेक्षा, ड इ पेक्षा. मग कधीच एकत्र न दाखवलेले ब आणि ड समोर ठेवले तर त्या ब कडे गेल्या. मधमाश्यांना आधीच्या प्रयोगांत हे जमलं नव्हतं. आणि मधमाशीचा मेंदू साधारण दहा लाख चेतापेशींचा, गांधीलमाशीचाही त्याच घरातला, माणसाचा सुमारे ८,६०० कोटींचा. उतरंडीत राहायचं असेल तर "ती हिच्यापेक्षा वरचढ, ही माझ्यापेक्षा वरचढ, म्हणजे तीही माझ्यापेक्षा वरचढ" हे जोडता यायलाच हवं, म्हणून आकारापेक्षा राहणी महत्त्वाची हे मला पूर्ण पटतं.

मधपेटी

सगळ्यांचे आभार, इतका चांगला धागा बऱ्याच दिवसांनी वाचला. एक शेवटचं विचारतो, आमच्यात जुने लोक सांगतात की माश्या आपल्या माणसाला ओळखतात, रोज येणाऱ्याला चावत नाहीत. ह्यात काही तथ्य?

दुपारसावली

मधपेटी दादा, फोटोतला माणूस मधमाशी शिकू शकते हे नक्की. २००५ मध्ये एड्रियन डायर आणि सहकाऱ्यांनी एका चेहऱ्याच्या फोटोपाशी साखरपाणी आणि दुसऱ्यापाशी कडू पाणी ठेवलं, माश्या बरोबर चेहरा निवडायला शिकल्या आणि काहींना तो दोन दिवसांनीही आठवत होता. पण त्यांच्या लेखी ते फुलाचंच एक चमत्कारिक चित्र, साखर मिळते म्हणून लक्षात ठेवलेलं. पेटीपाशी तुम्ही उभे असता तेव्हा तुमच्या चेहऱ्यापाशी साखर मिळत नाही, तेव्हा शिकायचं कारणच नाही. त्यात ऐन हंगामात कामकरी माशी जगते जेमतेम दीड महिना, म्हणजे आज दारात दिसणाऱ्यांतल्या बहुतेक जणी दोन महिन्यांपूर्वी जन्मल्याही नव्हत्या. रोजच्या माणसाला कमी चावतात त्याचं कारण त्याच्या हातात आहे, तो धसमुसळेपणा करत नाही, चौकट उचलताना माश्या चिरडत नाही. एक जरी चिरडली किंवा चावली तरी धोक्याचा वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि मग बाकीच्या धावून येतात. तो वास तुम्हालाही येत असेल बघा.

मधपेटी

येतो की! हातमोज्यांना राहतो तो, धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडायची नाही असं मला शिकवलं होतं ते ह्यासाठीच.